शेपटीचा ळ

कमळ शहापूर तालुक्यातल्या उंबरमाळीकडची. तिच्या बापाने तिच्या भावाला, देवरामला, शाळेत घातलं आणि तिला करडांमागे. त्याचा तिला कधी राग आला नाही, कारण करडं गोड होती आणि देवराम शाळेतून रोज रडत यायचा. लग्न होऊन ती मुरबाड तालुक्यातल्या आवळेवाडीत आली तेव्हा तिला भाताच्या चार जाती वासावरून ओळखता येत होत्या, पण एसटीची पाटी वाचता येत नव्हती. सिद्धगडाच्या पायथ्याला लागून वसलेलं शे-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव. एसटी दिवसातून दोनदाच यायची, तेव्हा पाटी वाचायची तशी गरजही पडत नव्हती.

चौऱ्याण्णव साली साक्षरता अभियानाची माणसं जीप घेऊन आली. भिंतीभिंतीवर गेरूने घोषणा लिहून गेली आणि जाताना एक डबाभर पाट्या-पेन्सिली अनिताच्या हातात ठेवून गेली. अनिता दहावी झालेली, गावातल्या महिपतबाबाची नात. भाताची झोडणी उरकली होती, दुपार मोकळी असायची. महिपतबाबाच्या ओटीवर दहा-अकरा बायका जमायला लागल्या. कमळ तेव्हा चौतीस वर्षांची. पाटी मांडीवर घेऊन बसताना तिला एवढी लाज वाटली, की पहिल्या दिवशी तिने पदर तोंडात धरूनच धडा घेतला.

"वयनी, आदी तुमचं नाव लिवू," अनिता म्हणाली. "क. म. आनि ह्यो ळ. दोन गाल काढायचे, मंग उजवीकडं खाली अशी शेपटी सोडायची."

क आणि म दोन दिवसांत आले. ळ ने आठवडा खाल्ला. गाल कधी लहान-मोठे व्हायचे, तर कधी शेपटी वर जायची. पण एकदा हाताला वळण बसलं आणि कमळ सुटली. चुलीच्या कडेला कोळशाने कमळ, कणगीवर चुन्याने कमळ. एक दिवस तिचा नवरा काळूराम चुलीत घालायला गोवरी घेतो, तर तिच्यावर बोटाने कोरलेलं कमळ.

"आता गोवऱ्या पन सही करून जाळायच्या का गो?" तो म्हणाला.

"तुमचं बी नाव लिवलंय, खालची उलटून बघा," कमळ म्हणाली. "तुमच्या नावात पन माजी शेपटी हाय."

काळूरामला वाचता येत नव्हतं. तरी त्याने ती गोवरी उलटून पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि चुलीत न घालता फळीवर ठेवून दिली.

पुढल्या दिवाळीआधी कमळने भावाला पत्र टाकलं. आयुष्यातलं पहिलं. भाऊबिजेला ती माहेरी गेली, तर देवरामने ते कार्ड देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवलेलं. तो रेल्वेत गँगमन होता. कामावरल्या सगळ्यांना त्याने ते दाखवलं होतं. पण ओवाळून झाल्यावर कार्ड काढून तो म्हणाला, "बाकी झकास हाय गो. पन तुज्या ळ ला ही शेपटी कसली?"

"ळ ला शेपटी असतेच."

"कोन म्हंतो?" देवरामने पेन्सिल घेतली आणि ळ काढला. दोन गाल आणि संपला. बुडाशी काही नाही. कमळला तो ळ बोडका वाटला. देवराम म्हणाला, आमच्या शाळेत असाच. त्याची बायको पळसपाड्याची, तीही म्हणाली असाच. परतीच्या वाटेवर शहापूरच्या बाजारात कमळने दुकानांच्या पाट्या पाहिल्या. गूळ, भेळ, फळे. सगळे ळ बोडके. एसटीत खिडकीशी बसून ती विचार करत राहिली. आपण चुकीचं शिकलो म्हणून तिला वाईट वाटलं नाही; तिला कुतूहल वाटलं. सगळ्या दुनियेचा ळ असा, तर आवळेवाडीचा तसा कुठून आला?

घरी आल्यावर तिने अनिताला गाठलं.

"शाळेत गुरुजींनी मारून मारून हात लाल केला, वयनी," अनिता हसत म्हणाली. "पन शेपटी गेली नाय. शाळेत जायच्या आदी आजोबांनी घरी शिकवलेला ना."

तेव्हापासून कमळला खोडच लागली. भजनी मंडळाच्या पखवाजावरचं नाव, बैलगाडीच्या साटीवरचं, दारांवरचं, ती जाईल तिथे ळ पाहायची. आणि तिच्या लक्षात आलं की आवळेवाडीत अक्षरांची दोन घराणी आहेत. शाळेत शिकलेले बोडके आणि ओटीवर शिकलेले शेपटीवाले. जात, भावकी, आळी यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. सख्खे भाऊ दोन घराण्यांत होते, आणि पिढ्यान् पिढ्या बांधावरून न बोलणारी दोन घरं एकाच घराण्यात. कोणाला सांगायला जावं तर लोक म्हणायचे, कमळला वाचायला शिकवलं ते चुकलंच.

२००३ साली शाळेत शिजवलेली खिचडी सुरू झाली आणि कमळ तिथे लागली. नव्वद पोरांची खिचडी, एक मोठं पातेलं, एक पत्र्याची शेड. रोज हजेरीला सही करायची असायची आणि ती सही ती आळसाने कधी करत नसे. शाळेचे मुख्याध्यापक दीपेश गुरुजी तिशीतले, उत्साही, मुरबाडहून मोटरसायकलवर येणारे. २००६ साली शाळेला साठ वर्षं होत होती. हीरक महोत्सव करायचा, स्मरणिका काढायची, शाळेचा इतिहास लिहायचा असं त्यांनी ठरवलं.

एका दुपारी पोरं जेवत असताना त्यांनी कमळला आपला इतिहास वाचून दाखवला. सत्तेचाळीसच्या आदल्या साली शाळा सुरू झाली, गावात ज्ञानाचा पहिला दिवा लागला, आणि मग एकोणीस मुख्याध्यापकांची नावं, कोण कधी आला, कधी गेला.

कमळ पळी हातात धरून ऐकत होती. "गुरुजी, राग मानू नका. ही तर बदल्यांची यादी झाली."

"मग इतिहास कसा असतो?"

"मला काय ठावं? पन मी म्हंते, लिवायला कोनी कोनाला शिकवलं ते नको का?" आणि तिने त्यांना शेपटीची गोष्ट सांगितली. बारा वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी न हसता शेवटपर्यंत ऐकून घेतली.

गुरुजी उठले आणि कपाटाच्या तळातून शाळेचं पहिलं रजिस्टर घेऊन आले. कागद हात लावला की तुटत होता. पहिल्या पानावर शाळा उघडली त्या आठवड्यात दाखल झालेली बावीस मुलं, शेवटच्या रकान्यात पालकांचे अंगठे. अंगठ्यांच्या रांगेत मधेमधे सह्या होत्या. पाच.

"बाळू," गुरुजींनी वाचलं. "मळू. कोंडू काळू." ते थांबले. मग म्हणाले, "तिन्ही ळ ला शेपटी आहे, वहिनी."

"आनि शाळा तर त्याच आठवड्यात उघडली," कमळ म्हणाली.

ज्ञानाचा पहिला दिवा लागायच्या आधीच गावात पाच जण सही करत होते. तेवढ्यात खिचडी बुडाला लागल्याचा वास आला आणि कमळ धावली.

दोघं महिपतबाबाकडे गेले. बाबा ऐंशीचे. उभा जन्म गावाची पत्रं त्यांनी लिहिली होती, मुंबईला गेलेल्या पोरांना, सैन्यातल्या एकाला, पोलिसांना, मामलेदाराला. शाळेत ते कधी गेले नव्हते. शाळा आली तेव्हा ते वीस वर्षांचे. त्या पाच जणांना मीच शिकवलं, हे त्यांनी लगेच कबूल केलं, खूशही झाले. पण तुम्हाला कोणी शिकवलं, असं विचारल्यावर म्हणाले, "मुरबाडला मामाकडं ऱ्हायलो व्हतो. तिथं एक पंतोजी व्हते."

"त्यांचं नाव काय, बाबा?"

"साठ-सत्तर वर्सांची गोष्ट, आता काय उकरायची?" असं म्हणून त्यांनी पानाची चंची उघडली. एवढ्या पत्रांत हजार माणसांची नावं लक्षात ठेवणारा माणूस आपल्या पंतोजीचं नाव विसरतो, हे काही कमळच्या पचनी पडलं नाही. पण वडीलधाऱ्या माणसाला किती टोकायचं?

दिवाळीनंतर कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला गुरुजी आणि कमळ वर ठाकर आदिवासींच्या ठाकरवाडीला गेले. तासाभराची चढण. वाडीतली चौदा पोरं शाळेच्या पटावर होती, त्यांचे आईबाप कार्यक्रमाला यावेत अशी गुरुजींची इच्छा. वाडीच्या तोंडालाच एक घर नुकतं सारवलेलं. कारवीच्या कुडाच्या भिंतींना कावेचा तांबडा रंग, त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेली झाडं, मोर, नाचणारी माणसं. आणि दाराच्या वर मोठ्या अक्षरात नाव: भगीरथ मंगळू.

कमळ जागच्या जागी उभी राहिली. "गुरुजी," ती हळूच म्हणाली, "शेपटी."

भगीरथ घरातच होता. विशी-बाविशीतला, आश्रमशाळेत शिकलेला. ळ कोणी शिकवला, या प्रश्नाचं त्याला हसू आलं. "आजीनं. आश्रमशाळेत गुरुजी रोज खोडायचे, मी रोज काढायचो." त्याने अंगणाकडे बोट केलं.

अंगणात एक म्हातारी सुपात नाचणी पाखडत होती. सुरकुतलेली, काटक, डोळे मात्र लखलखीत. तिचं नाव भिमी. तिने सूप खाली ठेवलं नाही. पाखडता पाखडताच बोलली.

"मी आठ वर्साची व्हते. जंगलखात्याच्या सायबाच्या बंगल्यावर पोर सांबाळाया ठिवलेली. सायेब दिसभर रानात. बाईला करमायचं नाय. ती मला अक्षरं शिकवायची, पाटीवर. पन पोर माज्याकडं ऱ्हायाचं नाय. त्याला आईच पायजे. मंग बाई त्याला कडेवर घ्यायची नि लिवायची. ळ आला का पोर तिचा हात वढायचं, नि पेन्सिल अशी खाली जायची." सुपाच्या कडेवरून तिने बोटाने शेपटी ओढून दाखवली. "मला वाटलं, ती बी अक्षरातच हाय."

गुरुजी हसायला लागले. मग त्यांना शंका आली. "पण आजी, नेमकं ळ लाच कसं ओढायचं?"

"ळ शेवटाला येतो ना," भिमी म्हणाली. मास्तर असून एवढं कळत नाही, असा तिचा सूर. "तवर पोर कटाळायचं. त्याच्या म्होरं क्ष नि ज्ञ. ते कदी शिकलोच नाय. तवर ते भोकाडच पसरायचं."

कमळच्या डोळ्यासमोर एकदम महिपतबाबाच्या दाराची चौकट आली. तिच्यावर बाबांच्या हातचं वळणदार अक्षर: श्री लक्शिमी प्रसन्न.

ती भिमीच्या पुढ्यात उकिडवी बसली. "आजी, तुमी अक्षरं कोनाला शिकवली?"

"माज्या मंगळूला. ह्या भगीरथाला." भिमीचं सूप थांबलं. "नि खालच्या एका पोराला. ढोरं चारायला यायचा, कातळावर. मी कोळशानं लिवायची, तो पुसून पुन्ना लिवायचा. महिपत नाव त्याचं." मग तिने मान वर केली. "हाय का जिता? त्याला क्ष आला का?"

उतरताना कमळचे पाय जमिनीला लागत नव्हते. गुरुजी मागून सावकाश, सावकाश म्हणत राहिले. ती थेट महिपतबाबाच्या ओटीवर गेली, धाप लागलेली, आणि दुसरं काही न बोलता म्हणाली, "बाबा, वर वाडीतली भिमीआजी इचारत व्हती, महिपतला क्ष आला का म्हनून."

महिपतबाबांनी तिच्याकडे बघितलं. अनिता कडेवर पोर घेऊन माहेरी आलेली, तीही दारात आली. बाबांचा चेहरा आधी दगडासारखा झाला, मग ओठांचे कोपरे हलले, आणि म्हातारा हसायला लागला. खोकला येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"अजून आठवन हाय तिला," ते म्हणाले. "मी तिला भाकर द्यायचो. अर्धी भाकर, नि एक अक्षर. हुशारी अशी, का अक्षर चुकलं तर भाकर घ्यायची नि अक्षर द्यायची नाय."

"मंग मामा? नि पंतोजी?" अनिताने विचारलं.

"कसला पंतोजी! लोकं पत्र लिवून घ्यायला यायची, इचारायची, कुठं शिकलास? ठाकराच्या पोरीनं शिकवलं म्हनलो असतो तर त्या काळात कोनी लिवून घेतलं असतं? एकदा खोटं बोललो. मंग सगळा जन्म त्या खोट्याला पानी घालत ऱ्हायलो." त्यांनी डोळे पुसले. "गावातून वाडीवर शंभरदा गेलो असेन. तिच्या अंगणाला वळसा घालून गेलो."

कमळ म्हणाली, "बाबा, ती रागावल्यासारकी नाय दिसली. ती क्ष चंच इचारत व्हती."

पुढचा महिना शाळेत कोणी धड अभ्यास केला नाही, आणि गुरुजींनी तो करून घेतलाही नाही. पोरांना एकच काम: घरोघर जाऊन विचारायचं, तुम्हाला पहिलं अक्षर कोणी शिकवलं? पोरं वह्या भरून आणत होती. कोणाला आईने, कोणाला मोठ्या बहिणीने भांडी घासता घासता राखेत. एकाला आकडे एसटीच्या कंडक्टरने शिकवलेले, तिकिटांवरून. काळूरामच्या नावापुढे एका पोराने लिहून आणलं होतं, 'कमळने, यंदा'. कमळ लाजेने शेडमध्ये जाऊन बसली. नवरा आपल्याला न सांगता आपल्याच जुन्या पाटीवर गिरवतो आहे, हे तिला ठाऊक होतं, पण तो ते कबूल करेल असं वाटलं नव्हतं.

सगळी नावं मांजरपाटाच्या मोठ्या कापडावर उतरवली. भगीरथ तीन दिवस खाली येऊन राहिला आणि त्याने पांढऱ्या रंगात झाड काढलं. फांद्यांवर बाप-लेक नव्हते. शिकवणारा आणि शिकणारा होते. वर मोठ्या अक्षरात लिहिलं: आवळेवाडीची वंशावळ.

कार्यक्रमाच्या दिवशी गावातली कमांडर जीप भिमीला आणायला गेली. महिपतबाबा सकाळपासून फाट्यावर काठी टेकून उभे. लोकांनी खुर्ची दिली, बसले नाहीत. जीप थांबली, भगीरथने आजीला उतरवून घेतलं. ती हिरवं लुगडं नेसली होती. तिने बाबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"म्हातारा झालास रे."

महिपतबाबा वाकले. कमरेतून वाकता येईना तर गुडघ्यावर बसले आणि सगळ्या गावासमोर त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. फाट्यावरची माणसं टाचा उंचावून पाहू लागली. गावातल्या कोणी वाडीतल्या कोणाच्या पाया पडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. भिमीने घाईघाईने त्यांना उठवलं आणि म्हणाली, "ऊठ. भाकर आनलीस का?" मग मात्र हसू फुटलं आणि कोणीतरी वाजंत्री सुरू केली.

पाहुणे म्हणून शिक्षण विस्तार अधिकारी आले होते. भाषणाआधी त्यांनी कापडावरचं झाड नीट न्याहाळलं आणि मोठ्या मायेने गुरुजींना म्हणाले, "काम उत्तम आहे. फक्त शीर्षकातले दोन्ही ळ चुकले आहेत, तेवढे दुरुस्त करून घ्या."

माइक चालू होता. मग सगळं गाव एकाच वेळी समजावून सांगायला लागलं. म्हातारे, पोरं, खिचडी खायला आलेल्या वाडीतल्या बायका, सगळे. साहेब या तोंडाकडे बघत, त्या तोंडाकडे बघत. शेवटी भिमीने माइक हातात घेतला आणि कडेवरच्या पोराची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. साहेब पोट धरून हसले. आपलं छापील भाषण त्यांनी खिशात घातलं आणि म्हणाले, "मला पहिलं अक्षर माझ्या आत्याने शिकवलं. हे मी आजवर कुठे बोललो नव्हतो."

झाडाच्या शेंड्याला एक जागा मोकळी होती. भिमीला त्या बाईचं नाव ठाऊक नव्हतं. सगळे तिला बाईसाहेबच म्हणायचे. गुरुजींनी तिथे 'अज्ञात' लिहायला घेतलं, तर कमळने त्यांना थांबवलं. "अज्ञात कशी? आपुन तिला चांगली वळखतो." मग भगीरथने तिथे एक बाई काढली, तिच्या कडेवर पोर, आणि पोराचा हात आईच्या मनगटावर.

त्या दिवशी नव्वदऐवजी चारशे माणसं जेवली. कमळ संध्याकाळी पातेली घासायला बसली तेव्हा तिचे हात भरून आले होते, पण तिला झोपावंसं वाटत नव्हतं.

पुढल्या जूनमध्ये दीपेश गुरुजींची बदली शहापूर तालुक्यात झाली. दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. इथली म्हातारी माणसं एकोणतिसाचा पाढा झोडणीच्या गाण्याच्या चालीवर म्हणतात, बाकी तालुक्यात कुठेच तसा म्हणत नाहीत. मला काही उलगडा होत नाही. तुम्ही या.

कमळने काळूरामला पत्र वाचायला दिलं. त्याने एकेक अक्षर लावत पूर्ण वाचलं, आणि तो म्हणाला, "जा की. खिचडी मी बघतो चार दिस."

तिने पिशवीत दोन लुगडी आणि शंभर पानी वही टाकली, मुरबाडला एसटी बदलली, आणि देवरामच्या घरी न थांबता थेट त्या गावाला गेली. समाजमंदिरात वीस-पंचवीस बायका जमल्या होत्या, तिच्याकडे संशयाने बघत. कमळ त्यांच्यात मांडी घालून बसली आणि पाढ्याआधी तिने तोच जुना प्रश्न विचारला, तुम्हाला पहिलं अक्षर कोणी शिकवलं? मग कोपऱ्यातली एक म्हातारी, धोंडीबाई तिचं नाव, सुनेकडे चोरून बघत म्हणाली, "सांगू? माज्या सासूनं. सासऱ्याला कळू न देता."

"अगो बाई," सून ओरडली, "आत्या, तुमाला लिवता येतं?"

कमळने वही उघडली. "बसा तुमी," ती सुनेला म्हणाली, "आनि त्यांना सावकाश बोलू द्या."